फाटक्या कानाचा मेंढा

टीव्ही सेंटरजवळच्या टॅटूच्या दुकानात मी एका मित्राला सोबत म्हणून गेलो होतो. टॅटूवाला पन्नाशीचा, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. दुधी कोवळा आहे का बघावं, तसा तो आधी गिऱ्हाइकाचा दंड दोन बोटांनी दाबून बघायचा. कुणी मोबाइलवर डिझाइन दाखवलं की मोबाइल पालथा घालायचा. "कल्पना तुमची, चित्र माझं," हा त्याचा नियम.

आमच्या आधी करमाडकडचा एक मेंढपाळ बसला होता. त्यानं खिशातून मेंढ्याचा फोटो काढला. टॅटूवाल्यानं तो बाजूला सारला आणि कागदावर स्वतःच एक मेंढा काढला. छाती पुढं, शिंगं डौलदार.

मेंढपाळानं बराच वेळ बघितलं. "लई भारी हाय. पण ह्यो आमचा नाय."

"मेंढाच आहे ना, मामा?"

"आमच्याचा डावा कान फाटलाय. एक शिंग डोळ्यावर आलंय. अन् असा ताठ तो कधी उभाच ऱ्हात नाय."

"तसं काढलं तर लोक म्हणतील, ह्याला मेंढा काढता येत नाही."

"लोकांला काय करायचंय? शंभरात मी त्याला वळखतो, तो मला वळखतो."

टॅटूवाल्यानं चष्मा लावून फोटो जवळ ओढला आणि दोन तास खपून तो फाटका कान जसाच्या तसा दंडावर उतरवला.

मेंढपाळ खुश झाला. "आता घरी जाऊन त्याला दाखवतो."

"दाखवा," टॅटूवाला गंभीरपणे म्हणाला, "पण पंधरा दिवस चाटू देऊ नका."