बाहेरच्या टोकाचा ढोल

माझे मोठे मामा अग्निशमन दलात होते, पण आगीशी त्यांची फारशी गाठ पडली नाही. पाण्याचे लांबलचक पाइप धुऊन उंच मनोऱ्यावर वाळत घालायचे आणि दलाच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचा, ही त्यांची कामं. पाइप वाळत घालून कुणाचं नाव होत नाही, त्यामुळे मामांचा सगळा जीव ढोलात. अंगानेही ते ढोलाला शोभतील असेच होते. दलात त्यांना ‘आडवे’ म्हणत. त्यांच्याच रांगेत बासरी वाजवणारा एक काटकुळा, उंच गडी होता, तो ‘उभे’. नवे साहेब आले तेव्हा त्यांना ही दोघांची आडनावंच वाटली आणि त्यांनी तशी ओळखपत्रंही छापून दिली.

दरवर्षी दलाच्या आवारात संचलन होई. आवाराच्या मधोमध गोल हिरवळ आणि तिच्या मधोमध झेंड्याचा खांब. बँडने फाटकातून सरळ यायचं, हिरवळीभोवती एक पूर्ण फेरी मारायची आणि साहेबांसमोर थांबायचं. एका रांगेत सहा जण. वळताना रांग मोडता कामा नये. खांबापासून ताणलेल्या दोरीसारखी ती सरळ फिरली पाहिजे. ढोल मोठा, म्हणून मामा सगळ्यात बाहेरच्या टोकाला. उभे सगळ्यात आत, हिरवळीला खेटून.

फेरी संपली की उभे ताजेतवाने असत आणि मामा घामाने निथळत. बँडमास्तरांच्या मते हा सगळा वजनाचा प्रताप होता. उभे तर जाहीरपणे विचारत, की मामा आणि ढोल यांच्यापैकी ढोल कोणता ते लांबून कसं ओळखायचं. मामांच्या ते मनाला लागे. फेरीतच दम लागतो असं ते सांगत, तर सगळे हसत. सगळे एकाच वेळी निघतात, एकाच ठेक्यावर पाय टाकतात, एकच फेरी मारतात आणि एकाच वेळी थांबतात. मग दम आपल्यालाच का लागावा? एका वर्षी त्यांनी दोन महिने अर्धपोटी राहून पाहिलं. संचलनाला घाम तेवढाच आला, वर घरातल्या सगळ्यांशी भांडण झालं ते वेगळंच.

मामी घरी लहान मुलांचे कपडे शिवत असे. मामांची रडगाणी ती मशीनच्या आवाजात बुडवून टाकायची. त्या दिवशी मात्र दोरा तुटला होता, त्यामुळे तिला सगळं ऐकावं लागलं. तिने शिवून झालेला एक घेरदार फ्रॉक जमिनीवर गोल पसरला. एका शिवणीवर कमरेपाशी एक बटण ठेवलं, त्याच शिवणीवर खाली घेराच्या कडेला दुसरं.

“हे उभेभाऊजी,” कमरेच्या बटणावर बोट ठेवून ती म्हणाली, “आणि हे तुम्ही. आता बघा.”

तिने फ्रॉक हळूहळू एक पूर्ण गिरकी फिरवला. दोन्ही बटणं एकाच शिवणीवर राहिली, दोघांची फेरी एकदमच पुरी झाली. मग तिने टेप काढून आधी कमर मोजली, मग घेर. घेर कमरेच्या तिप्पट भरला.

“फिरलात दोघं सारखेच,” मामी म्हणाली, “पण चाललात सारखे नाही. म्हणून तर कंबरपट्टीला कापड लागतं वीतभर आणि घेराची लेस पुरता पुरत नाही.”

मामांनी घेराचं बटण उचलून तळहातावर घेतलं. इतक्या वर्षांत आपली बाजू घेणारं कुणीतरी पहिल्यांदाच भेटलं असं त्यांना वाटलं असावं. दुसऱ्या दिवशी ते तोच झालरीचा गुलाबी फ्रॉक काखोटीला मारून बँडच्या खोलीत गेले. तिथे जो हशा पिकला त्याबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत. पण मास्तर शिस्तीचा माणूस. ते दोरी घेऊन आवारात गेले आणि खांबापासून अंतर मोजून आले. उभे चालत ते दहा पावलांवरून, मामा पंधरा पावलांवरून. म्हणजे फेरी एकच, वेळ एकच, पण मामांची वाट दीडपट, आणि म्हणून चालही दीडपट. मास्तरांना शाळेतलं विज्ञान आठवलं. फिरण्याच्या वेगाला कोनीय वेग म्हणतात, तो सगळ्या रांगेचा सारखाच असतो, असं त्यांनी सांगितलं. मामांना तो शब्द फार आवडला. त्या आठवड्यात त्यांनी तो घरात पंख्याला, जात्याला आणि चिडलेल्या मामीलाही लावला.

न्याय म्हणून मास्तरांनी जागा बदलल्या. मामा आत, उभे बाहेर. सरावाला पाऊस लागला, त्यामुळे फेरीची तालीम न करताच संचलनाचा दिवस उजाडला.

सरळ रस्त्यावर सगळं छान झालं. वळण आलं आणि मामांच्या पायांनी डोक्याचं ऐकायचं नाकारलं. आता इवली पावलं टाकायची होती, पण पोटावर एवढा ढोल, पाय दिसणार कुठून? वर्षानुवर्षांच्या सवयीने पाय लांबच पडत गेले. आतली वाट आखूड, त्यामुळे मामा रांगेच्या पुढे निघाले. बाहेर उभे नेहमीसारखं पाऊल टाकत होते आणि मागे पडत होते. ते पळू लागले. पळताना बासरीत फुंकायला श्वास उरेना, तेव्हा सूरच गायब झाला. सरळ रांगेचा पार स्वल्पविराम होऊन गेला. आणि मग मामांचा ढोल पुढच्या रांगेतल्या ट्रम्पेटवाल्याच्या पाठीवर जाऊन आदळला. ट्रम्पेटमधून जो आवाज निघाला, त्याने साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

कसाबसा बँड थांबला. उभे हिरवळीवर आडवे झाले होते. मामा ढोलासकट त्यांच्याजवळ गेले, आता काय ऐकावं लागेल या तयारीने. उभे धापा टाकत म्हणाले, “आडवे, इतकी वर्षं तुम्ही एवढं चालत होता? आणि बोलला नाहीत?”

“बोलत होतो की,” मामा म्हणाले. “तुम्ही हसत होता.”

उभेंनी हात पुढे केला. मामांनी तो धरून त्यांना उठवलं. वजनावरून बोलणं त्या दिवसापासून बंद झालं.

साहेबांनी मास्तरांना बोलावून चांगलंच फैलावर घेतलं. मास्तरांनी पुढच्या वर्षी मामांना रांगेच्या मधोमध घ्यायचं ठरवलं. मामांनीच नकार दिला. आत किंवा मध्ये चाललं की बघणाऱ्यांना नुसत्या टोप्या दिसतात. बाहेरच्या टोकाला मात्र बघ्यांसाठी बांधलेल्या दोरीला टेकून उभी असलेली पोरं हाताच्या अंतरावर असतात, आणि मामीही तिथेच उभी असते. टोकाची जागा आपलीच, फक्त रांग फिरायची ती आपल्या पायांना झेपेल तेवढीच, एवढं त्यांनी मागून घेतलं.

मास्तरांना ते पटलं. वळण आलं की ठेका ढोलाने धरायचा आणि बाकीच्यांनी तो पाळायचा, असा नियम झाला. मामा आता निवांत, नीटनेटकी पावलं टाकत, पोरांकडे बघून भुवया उडवत वळू लागले. सगळी रांग त्यांच्या तालावर संथ फिरू लागली, आणि साहेबांना ती इतकी भारदस्त वाटली की त्यांनी पाहुण्यांना मुद्दाम दाखवली. आता तक्रार करायची पाळी उभेंची होती. आतल्या टोकाला इतकं हळू चालावं लागतं, की बुटावर माशी येऊन बसते, असं ते सांगत.