मल्हारचा नकार

जत तालुक्यात पाण्याचा टँकर चालवणाऱ्या मल्हारच्या तोंडून 'नको' हा शब्द कुणी ऐकला नव्हता. कुणी रक्त मागितलं की हा बाही वर सारून तयार. मेल्यावर डोळे द्यायचंही त्यानं एका शिबिरात चहा पिता पिता कबूल करून टाकलेलं.

आई धोंडुबाईच्या मोतीबिंदूसाठी तो मिरजेला गेला आणि दवाखान्याच्या कँटीनमध्ये डॉक्टर संयोगितांच्या तावडीत सापडला. अंतराळात माणसाला मूलबाळ होईल का, याचा त्या अभ्यास करत होत्या. त्यासाठी निरोगी पुरुषांचं वीर्य गोठवून यानातून वर पाठवायचं होतं. मल्हार लाजून लाल झाला, पण नाही म्हणवेना. देऊन आला.

घरी जेवताना त्यानं बायकोला, सोनियाला, हळूच सांगितलं. तिची भाकरी तव्यावरच करपली.

"रक्त तुमचं, डोळं तुमचं. पर ह्येच्यात माझा बी वाटा हाय. मला इचारलं का?"

धोंडुबाईला वेगळीच काळजी. तिकडं लेकरू झालंच तर त्याला न्हाऊ कसं घालायचं? पाणी म्हणे खाली पडतच नाही.

दिलेलं परत मागायला रविवारी सोनियानं त्याला मिरजेला नेलं. एस.टी.त तो वाटभर 'नको' घोकत होता. शेजारच्या म्हाताऱ्यानं शेवटी विचारलंच, काय नको?

डॉक्टरांनी नीट समजावलं. वीर्य तिथं कसं टिकतं एवढंच बघायचं, मग नष्ट करायचं. मूल होणार नव्हतं.

"आज न्हाई, पर फुडं कुणीतरी करंलच की," सोनिया म्हणाली. "हाडं कच्ची निघाली, हितं येऊन चालताच आलं न्हाई, तर त्या लेकराला काय सांगायचं?"

"त्यावरच आम्हा संशोधकांची भांडणं चाललीत," डॉक्टर म्हणाल्या. "उत्तर अजून कुणाकडेच नाही."

त्या सरळ बोलल्या म्हणून सोनियाचा राग उतरला. ऱ्हाऊ द्या आता तिथंच, असं ती नवऱ्याला म्हणाली. आणि नेमकं तेव्हाच मल्हार बोलला, "नको."

दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. तो स्वतःही दचकला, पण शब्द मागं घ्यावासा वाटेना.

"इचारलं तवा मी नुसता लाजून व्हय म्हणलो," तो म्हणाला. "त्ये काय खरं व्हय न्हवं."

डॉक्टरांनी यादीतून त्याचं नाव काढून टाकलं आणि गोठवलेला नमुनाही बाद केला. परतीच्या वाटेवर सोनिया खिडकीकडं तोंड करून बराच वेळ हसत होती.

संध्याकाळी भावकीतल्या दादासोनं नातीच्या बारशाला टँकर फुकट मागितला. मल्हारनं जरा विचार केला आणि दिला.