मेलेल्या तारा

कार्यशाळेत तिला सगळे खार म्हणत. मनगट बारीक, अंग सडसडीत. विमानाच्या ज्या फटीत कुणाचा हात जात नसे, तिथे ती खांद्यापर्यंत शिरायची. सव्वीस वर्षं तिने एकाच जातीच्या लढाऊ विमानांच्या तारा जोडल्या. विमान साधं, एका इंजिनाचं. पण दर सात-आठ वर्षांनी त्यात नवं यंत्र बसायचं आणि ते पुन्हा तरणंताठं व्हायचं. सकाळी पहारा, दुपारी टेहळणी, वेळ आली तर बॉम्ब.

या खेपेला नवं रडार आलं. त्याची पेटी वैमानिकामागच्या कप्प्यात बसेना.

"जागा नाही," तिचा दीर म्हणाला. तो तिथलाच तपासणी अधिकारी. "अठराच्या अठरा विमानं भंगारात. तसा अहवाल लिहितोय."

"आणि तुम्ही नव्या विमानांच्या प्रशिक्षणाला परदेशी."

"जळू नका, वहिनी."

"त्या नव्या एकाच्या किमतीत ही सहा उडतात, भावजी. तुमचं एक आजारी पडलं तर आभाळ कोण राखणार? तुमचा अहवाल?"

"हे भाषण भंगारवाल्यापुढे करा."

जागा होती, पण जुन्या तारांनी अडवलेली. यंत्र बदललं की जुन्याच्या तारांची टोकं झाकायची आणि तारा तिथेच सोडायच्या, ही तिथली रीत. ओढून काढायला वेळ कुणाकडे? तीही तेच करत आली होती.

तारा काढायची परवानगी तिने दिराकडे लेखी मागितली. त्याने अर्ज घडी करून खिशात घातला. चार दिवस गेले. मग तिने विचारणं सोडलं. एका विमानातली एकेक तार मीटरने तपासली, मेलेली, म्हणजे कशालाच न जोडलेली, तेवढी ओढली. नऊ किलो निघाल्या. पेटी बसली.

तारांचा भारा तिने मोठ्या साहेबांच्या टेबलावर आपटला. साहेबांनी स्वतः कप्प्यात टॉर्च मारला, सगळ्या चाचण्या नव्याने करून घेतल्या. विमान उडालं. अठराही ठेवायची ठरली. परवानगीविना तारा काढल्या म्हणून तिची मात्र सुट्या भागांच्या कोठारात उचलबांगडी झाली. उरलेल्या सतरा विमानांच्या तारा काढायचं काम दिराच्या गळ्यात पडलं. परदेश राहिला.

रविवारी सकाळी तो घरी आला. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत ओरखडे. तिच्या नवऱ्याने, म्हणजे त्याच्या सख्ख्या भावाने, पेपर तोंडापुढे धरला.

"वहिनी, ती मागची तारांची जुडी कुठून सुटते?"

"हात जात नाही?"

"नाही."

"मग मला परत कार्यशाळेत घ्या. लिहून द्या, माझा अर्ज तुम्ही दाबून ठेवला होतात म्हणून."

त्याने बाह्या ओढून ओरखडे झाकले आणि तो जायला उठला.

"सतरा आहेत, भावजी," ती म्हणाली. "शिकाल हळूहळू."