मधुकररावांनी वाटलेलं वचन

नेरूळच्या आमच्या सोसायटीत मधुकरराव माझे शेजारी. एपीएमसी मार्केटात कांद्याच्या गाळ्यावर ते तोलणार, म्हणजे माल तोलून देणारे, आहेत. काटा स्वतः पाहिल्याशिवाय वजन सांगणार नाहीत, अशी त्यांची ख्याती.

वडील गेल्यावर त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांनी बुद्धवचनाच्या फ्रेम करून विहारात येणाऱ्यांच्या घरोघरी दिल्या: ‘मी सांगितलं म्हणूनही मानू नका, तुमच्या बुद्धीला पटेल तेच माना.’ एक माझ्याकडेही आली.

गेल्या वर्षी त्यांच्या तळपायाला जखम झाली. साखर खूप वाढलेली. डॉक्टरांनी इन्सुलिन आणि ड्रेसिंग सांगितलं. मधुकररावांना ते पटेना. दुखत नाही, चालता येतंय, मग सुई कशाला? जयमालावहिनी काही बोलल्या की ते भिंतीवरच्या फ्रेमकडे बोट करायचे. पुढे डॉक्टरांनी वहिनींना बजावलं, आणखी उशीर केलात तर पाऊल कापावं लागेल.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर वहिनींनी भंतेजींना या वचनाबद्दल विचारलं. ते म्हणाले, बुद्धांनी कालाम लोकांना केलेल्या उपदेशातलं आहे, पण मोडतोड झालेलं. नुसता तर्क बसला किंवा आपल्या मताशी जुळलं, एवढ्यावरही विसंबू नका, असं मुळात आहे. ज्यानं अहित होतं, जाणती माणसं ज्याला दोष देतात, ते सोडा.

वहिनींनी त्या संध्याकाळी मला सोबतीला बोलावलं आणि माझ्यादेखत हे सगळं मधुकररावांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

“म्हणजे बाबांच्या नावानं मी घरोघरी खोटं वाटलं?”

“ते नंतर बघू. आधी पाय बघा.”

“रोज बघतो.”

“वरून बघता. वाकता कुठं येतंय तुम्हाला?” वहिनींनी हातातला आरसा त्यांच्या तळव्याखाली धरला. “तोलणार ना तुम्ही? मग काटा न बघता वजन कसं सांगताय?”

ते बराच वेळ आरशात बघत राहिले. जखमेच्या कडा काळ्या पडल्या होत्या. बोलले ते माझ्याकडे न बघताच.

“रिक्षा आणता का?”

दोन बोटं गेली, पाऊल वाचलं. काठी टेकत चालता येऊ लागल्यावर ते घरोघरी जाऊन फ्रेम परत मागू लागले. माझ्याकडची मी आधीच काढून ठेवली होती. शेजारच्या इमारतीतल्या कुंदननं मात्र त्यांना दारातूनच परत पाठवलं.

“राहू द्या काका,” तो म्हणाला, “आम्हाला पटतं ते.”