मार्थाबाईंचं आमेन

गेल्या रविवारी, उपासना संपता संपता, आपल्या चर्चच्या मंडळीने मार्थाबाईंना बाहेर काढलं. त्यांच्या शेजारी राहणाऱ्या, मंडळीच्याच एका पंचाने स्वतःच्या सुनेला मारहाण केली, हे त्यांनी पोलिसांना खरं सांगितलं होतं. एवढाच गुन्हा.

ठराव नाही, चर्चा नाही. पाळकांनी तो निकाल प्रार्थनेतच घातला: “मंडळीची अब्रू घालवणाऱ्या या बहिणीला, प्रभो, आम्ही दूर करतो.” मी “नाही” म्हणालो. मागून एक काका खेकसले, “गप रे, प्रार्थना चालू आहे!” मग डोळे मिटून सगळ्यांनी आमेन म्हटलं. मार्थाबाईंचेही ओठ हलले. जन्माची सवय! स्वतःच्या हकालपट्टीलाही त्या आमेन म्हणाल्या.

आमेन म्हणजे ‘हे खरं आहे’. खरं बोलणारी तर एकटीच होती. ख्रिस्ताला वधस्तंभावर खिळा, असं ओरडणारेही एका सुरातच ओरडले होते. आत्म्याचं तारण मंडळीला घाऊक मिळत नाही. देव एकेकाला नावाने हाक मारतो आणि जाबही एकेकालाच विचारेल. तेव्हा ‘सगळे म्हणत होते’ हे उत्तर चालणार नाही.

तुम्हीही त्या बाकांवर होता. येत्या रविवारी प्रार्थनेच्या मधोमध उभे राहा आणि मोठ्याने सांगा: माझं आमेन मी परत घेतो.