सपाटीवरचं घर

तिला घोरपड हे नाव धाकट्या भावानं ठेवलं, आणि ते घरात कायमचं चिकटलं. जिवाला सदा कसला ना कसला घोर, आणि कुठे कडा दिसला की त्याला चिकटून बसायची खोड. नावात दोन्ही बसत होतं. पुढे ती भूशास्त्र शिकली आणि पाणी खात्यात लागली. वडील म्हणायचे, "पोरीला तिच्या दोन्ही खोडींचा पगार मिळतो."

नोकरीच्या सुरुवातीला तिनं गावाबाहेरच्या टेकडीचा नकाशा केला होता. ही टेकडी म्हणजे कोण्या काळच्या समुद्रात प्रवाळांनी बांधलेली भिंत. करडा दगड फोडून त्यावर पाणी शिंपडलं की प्रवाळांच्या बारीक चांदण्या उमटत. भिंतीच्या बाहेर तेव्हा खोल समुद्र होता आणि आत उथळ, निवांत पाणी. त्या पाण्यात चुन्याचा गाळ थरावर थर बसत गेला आणि त्याची आजची सपाटी झाली. भिंत एकसंध म्हणून टेकडी टिकली. सपाटीच्या थरांना मात्र भेगा होत्या. भेगांतून पावसाचं पाणी उतरतं, चुनखडी विरघळवत जातं, आणि वरून घट्ट दिसणारी जमीन आतून कुठे कुठे पोखरलेली असते.

नेमकं त्याच सपाटीवर भावानं घर बांधलं आणि वडिलांना मागची खोली दिली. तेव्हा जमिनीबद्दल ती अडखळत एकदा बोलली होती. भाऊ म्हणाला, "अख्खी वसाहत उभी आहे, माझ्याच घरानं काय घोडं मारलंय?" तिनं विषय सोडला. त्याआधी तिनं एका शाळेची जमीन धोक्याची ठरवली होती. पोरं वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये शिकली, आणि खोदून पाहिलं तर खाली अखंड खडक. "लांडगा आला" म्हणून लोक हसले. तेव्हापासून पक्कं दिसल्याशिवाय तोंड उघडायला ती कचरायची.

एका रविवारी सगळे भावाच्या घरी जेवायला बसले होते. भाऊ खुशीत होता. परसात बोअर मारली होती आणि पाणी लागलं होतं.

"बोअरवाला म्हणाला, एवढं नशीब कुणाचं नसतं. रॉड एकदम हातभर खाली गेला, आपोआप. मग पाणीच पाणी."

तिचा घास हातातच राहिला. "आपोआप गेला?"

"हो."

"म्हणजे तिथे खाली दगड नव्हता."

"नव्हता, पाणी होतं. बोअर काय दगडासाठी मारतात?"

वडील हसले. भावजयही हसली, पण तिनं नणंदेच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं.

त्याच भावजयीचा काही दिवसांनी ऑफिसात फोन आला. आवाज दबका. "ताई, पाणी गढूळ येतंय. आणि मागच्या न्हाणीघराचं दार लागत नाहीये."

"कधीपासून?"

"पंप सुरू केल्यापासून. ह्यांना सांगितलं तर म्हणतात, लाकूड फुगलंय. ताई, दार लोखंडी आहे."

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली. दार तिनं स्वतः ढकलून पाहिलं. चौकटच एका बाजूला कलली होती.

"पोकळीतल्या पाण्याचा वरच्या जमिनीला आधार असतो," तिनं भावाला सांगितलं. "तू पाणी उपसलंस की आधार जातो आणि माती खाली ओघळते. गढूळ पाणी म्हणजे तुझं परसच नळातून येतंय."

"शाळेच्या वेळीही तू असंच छातीठोक सांगितलं होतंस."

ती म्हणाली, "तेव्हा चुकले. आताही चुकत असेन. चुकले तर जन्मभर हस मला. पण पंप बंद कर, आणि बाबांना मागच्या खोलीतून हलव."

शेवटी वडीलच उठले आणि उशी काखेत मारली. "हिच्या घोरापायी मी जन्मभर उन्हातही छत्री घेऊन फिरलो. आता एक खोली बदलली तर काय बिघडतं? पुढून रस्ता तरी दिसेल."

भावानं पंपाचं बटण रागानं बंद केलं आणि टँकर सांगायला फोन उचलला.

जमीन तपासायचं यंत्र दुसऱ्या कामावर गुंतलं होतं. ते मोकळं होईपर्यंतचे दिवस तिला खायला उठले. समोरचा कागद ती पुन्हा पुन्हा वाचायची, डोक्यात अक्षर शिरायचं नाही. जमीन खचली तर घर जाईल ही भीती होतीच. पण नाहीच खचली तर भाऊ पुन्हा कधी तिचं ऐकणार नाही, ही भीतीही होती, आणि असं आपल्या मनात यावं याचं तिला वाईट वाटत होतं.

यंत्र आलं. तिच्या सहकाऱ्यानं परसात लोखंडी खुंट्या ठोकल्या, तारा ओढल्या आणि पडद्यावरचं चित्र सगळ्यांना दाखवलं. न्हाणीघरापासून मागच्या कुंपणापर्यंत पोकळी स्पष्ट होती.

"आणि मागच्या खोलीखाली?" भावानं विचारलं.

"तिथे धूसर आहे. हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही."

भाऊ त्या धूसर भागाकडे बघत राहिला. संध्याकाळी त्यानं मागच्या खोलीतलं कपाट एकट्यानं ओढत पुढे आणलं.

मग पाऊस झाला. उघडल्यावर भरदुपारी भावजय कपडे वाळत घालायला मागच्या दारात आली, तोच एखादं पोतं रिकामं करावं तसा आवाज झाला. तिच्या डोळ्यांदेखत परस खाली गेलं. न्हाणीघर आडवं झालं, बोअरचा पाइप तेवढा उघडा उभा राहिला. ती बादलीसकट उंबऱ्यातच खिळली.

ताई धापा टाकत पोचली तेव्हा भाऊ खड्ड्याच्या काठावरून वाकून बघत होता. तिनं लहानपणी धरायची तशी त्याची कॉलर धरली आणि मागे खेचलं. तो निमूट मागे आला. खड्ड्याच्या बाजूला चुनखडीचे थर स्वच्छ दिसत होते, एकावर एक, फिकट आणि सुंदर. क्षणभर तिची नजर तिथेच रेंगाळली. मग मागच्या भिंतीवरची तड्याची रेघ दिसली आणि तिला स्वतःची लाज वाटली.

घर वाचलं. मागची खोली पाडावी लागली. खड्डा आधी मोठ्या दगडांनी, मग लहान दगडांनी आणि वरून चिकणमातीनं भरायचं काम सुरू झालं. ते संपेपर्यंत सगळे तिच्या दोन खोल्यांत राहायला आले. एका सकाळी चहा घेता घेता भाऊ म्हणाला, "शेजाऱ्यांचीही बोअर आहे. त्यांना कुणीतरी सांगायला हवं."

"मी जाते."

"तुझं कोण ऐकतंय, घोरपडे. मी येतो बरोबर."

शेजाऱ्यांनी दोघांना बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. "बघू," म्हणाले. दोघं बाहेर पडली. ती पायाखाली बघत रस्त्याच्या कडेकडेनं चालत होती. फाटकाशी पोचतात तोच मागून शेजाऱ्यांचा पंप सुरू झाल्याची घरघर ऐकू आली.

भाऊ थांबला. "तू इथेच थांब," म्हणाला, आणि परत जाऊन त्यानं त्यांची बेल वाजवली.