आलो की आले

शिंपीमामांचा हात इतका सरळ, की पट्टीनेच त्यांच्याकडून शिकावं. फक्त एक होतं. कापडाला कात्री लावायच्या आधी ते मान वर करून "आलो" म्हणायचे आणि मगच कापायचे. कुठे आलो, कुणाकडे आलो, हे गिऱ्हाइकांनी विचारणं केव्हाच सोडलं होतं. ज्यांच्या हाताखाली मामा शिकले ते उस्ताद असंच म्हणून कापायचे, तसंच मामा कापत, आणि चाळीस वर्षांत एक कापड वाया गेलं नव्हतं.

पंचाईत झाली ती सून कापायला शिकू लागली तेव्हा. टेबलावर हेडमास्तरांच्या कोटाचं कापड पसरलं होतं. त्यांच्या वडिलांनी जपून ठेवलेलं, बोटभर तुकडाही जास्तीचा नाही, आणि परवा हेडमास्तरांचा निरोपसमारंभ. सुनेने कात्री उचलली आणि थांबली.

"बाबा, मी 'आलो' म्हणू की 'आले'?"

मामा चक्रावले. उस्तादांच्या हाताखाली बाई कधी शिकलीच नव्हती. चुकीचं म्हटलं आणि कापड बिघडलं, तर हेडमास्तरांना तोंड कसं दाखवायचं? त्यांनी चपला सरकवल्या आणि तडक नव्वदीतल्या उस्तादांचं घर गाठलं.

उस्तादांनी प्रश्न दोनदा ऐकून घेतला. मग हसता हसता त्यांना ठसका लागला.

"अरे येड्या, आमची ही वरून हाक मारायची, जेवायला चला म्हणून. मी 'आलो' म्हणायचो आणि कापत बसायचो." हसू आवरून ते म्हणाले, "ती गेली आणि माझी कात्रीही सुटली."

मामा परतले ते पार खचून. चाळीस वर्षं आपण दुसऱ्याच्या बायकोला ओ देत होतो. आता "आलो" म्हणायची लाज वाटत होती, आणि न म्हणता हात चालेना. खडूच्या रेषेवर कात्री टेकवून ते घामाघूम उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांना कापडाची भीती वाटली.

सुनेने थोडा वेळ पाहिलं आणि ती जिना चढून वर घरात गेली.

"बाबा, चला जेवायला."

"आलो," मामा म्हणाले, आणि कोटाची पाठ एका दमात कापून झाली.

वर जेवण नव्हतंच. सकाळचे साडेदहा वाजले होते. बाह्या अजून कापायच्या होत्या. सून खाली आली तशी मामांनी कात्री तिच्या हातात दिली, आणि गुडघे धरत धरत ते जिना चढले. वर पोचून त्यांनी आधी दम खाल्ला.

"सूनबाई, जेवायला ये गं."

"आले," खालून आवाज आला, आणि पाठोपाठ कात्रीचा.